साडेसहा तास, सहा माणसं, अकरा ठिकाणं

"ताई, मे महिन्यात आम्ही सहा जण सिंगापूरहून क्रूझवर निघतोय. मी, मिस्टर, सासू-सासरे, सोळा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला जहाज मलेशियातल्या पेनांगला लागतं. रात्री साडेदहापर्यंत परत चढायचं, अकराला ते सुटतं. पुढे फुकेट. मिस्टरांनी पेनांगच्या अकरा ठिकाणांची यादी केलीय, वेळेसकट. सासूबाईंचे गुडघे दुखतात, शिवाय त्या शाकाहारी, अंडंही चालत नाही. त्या म्हणतात, 'मी जहाजावरच बसते, तुम्ही जाऊन या.' पण खरंच तसं केलं तर वर्षभर ऐकावं लागेल. सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक, त्यांना तिथला किल्ला बघायचाय. मुलीला भिंतींवरच्या चित्रांपाशी फोटो काढायचेत. मुलाला फक्त पोहायचंय. जहाजाची सहल घ्यावी म्हटलं तर सहा जणांचे पैसे ऐकून मिस्टर गप्प झाले. एजंट म्हणतो, 'मॅडम, संध्याकाळच्या स्टॉपमध्ये काही नसतं, एक चक्कर मारा आणि जेवायला परत या, जेवणाचे पैसे भरलेलेच आहेत.' ही संध्याकाळ वाया जाणार का? — जहाजावरची सून, सांगली"

सूनबाई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. सासूबाईंना काय नको, सासऱ्यांना काय हवं, मुलीला काय, मिस्टरांना काय, अगदी नऊ वर्षांच्या पोराला पोहायचंय हेसुद्धा त्यात आहे. तुम्हाला काय हवंय, ते मात्र कुठेच सापडलं नाही. त्याकडे मी येणारच आहे. आधी यादीचा निकाल लावू.

मिस्टरांचा अभ्यास दांडगा आहे, त्यात वाद नाही. फक्त तो सकाळी आठला येणाऱ्या जहाजाचा अभ्यास आहे. त्यांनी लिहिलेले ते श्रीमंत पेरानाकान (तिथे स्थायिक होऊन मलय वळण घेतलेल्या चिनी) घराचं संग्रहालय, खू कुळाचं नक्षीदार सभागृह, केक लोक सी हे डोंगरउतारावरचं भलंमोठं बौद्ध मंदिर, सापांचं देऊळ, ही सगळी दिवसाची ठिकाणं. पाच-साडेपाचच्या सुमाराला त्यांची दारं लागायला लागतात. राहिला पेनांग हिल. तिथे दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे आहे, १९२३ पासूनची, आणि आहे ती खरोखर बघण्यासारखी. पण ती शहराबाहेर एअर इताम भागात आहे, वाटेत संध्याकाळची वाहतूक, आणि पोचल्यावर रांग.

ही रांग मला चांगली ठाऊक आहे, कारण मी तिथे उभी राहिले आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा मीही यादीवालीच होते. टॅक्सी करून सुसाट निघालो, पाऊण तास गाडीत, तासभर रांगेत. वर पोचलो तर ढग उतरलेले, खालचं शहर दिसेना. दहा मिनिटं ढगाचे फोटो काढले आणि परतीच्या रांगेत लागलो. जहाजाच्या शिडीपाशी पोचलो तेव्हा छातीत धडधड आणि पायात गोळे. पेनांग कसं आहे असं कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, टॅक्सीच्या खिडकीसारखं.

दुसऱ्या खेपेला आम्ही ज्या भागात उतरलो त्याच भागात राहिलो, आणि तेव्हा कळलं की पेनांगला जहाज अगदी गावाच्या उंबरठ्यावर लागतं. ही काही प्रत्येक बंदरातली गोष्ट नाही. क्वालालंपूर म्हणून जिथे उतरवतात ते पोर्ट क्लांग शहरापासून चाळीसेक किलोमीटर दूर. तिथे संध्याकाळच्या स्टॉपला आपापलं शहर गाठायला जाणं मी कुणालाच सुचवणार नाही. फुकेटला पातोंगला थांबणारी जहाजं बहुतेक वेळा समुद्रातच उभी राहतात आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर सोडतात. पेनांगला मात्र स्वेटनहॅम धक्का थेट जॉर्ज टाउनच्या, म्हणजे पेनांगच्या मुख्य शहराच्या, जुन्या पेठेला लागून आहे. कागदपत्रांचं काम आटोपून फाटकाबाहेर आलात की दोन-चार मिनिटांत घड्याळाचा मनोरा समोर. आणि ही जुनी पेठच २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, मलाक्काच्या जोडीने. म्हणजे जे बघायला माणसं विमानाने येतात तिथे तुमचं जहाज दारात उभं राहतंय. जहाजाची सहल इथे मुख्यतः बसचे पैसे घेते. ती घेऊ नका. मिस्टर खूश होतील, त्यांना हे वाक्य वाचून दाखवा म्हणजे पुढचं ऐकून घेतील.

आता घड्याळ. मलेशिया आपल्या अडीच तास पुढे आहे हे तुम्हाला माहीत असेलच. पण पेनांगचं घड्याळ सूर्याच्याही बरंच पुढे धावतं. बोर्निओ बेटावरच्या सबा आणि सारावाक या मलेशियाच्याच राज्यांशी वेळ एक व्हावी म्हणून १ जानेवारी १९८२ ला पेनांगच्या बाजूच्या द्वीपकल्पाने आपली घड्याळं अर्धा तास पुढे सरकवली, सिंगापूरही मागोमाग गेलं. परिणाम असा की मे महिन्यात पेनांगला सूर्य डोक्यावर येतो तो सव्वा वाजता. तुमच्या चारच्या उन्हाला सांगलीतल्या सव्वातीनचा चटका असणार, त्यात समुद्राकाठचा दमट घाम. उलट सूर्य मावळतो साडेसातच्या सुमाराला. त्यामुळे संध्याकाळचा स्टॉप म्हणजे अंधार, असं जे तुमच्या एजंटाला वाटतं ते चूक. तुमच्या हातात अडीच तास उजेडाचे आहेत आणि दोन तास दिव्यांचे, आणि पेनांगमध्ये दोन्ही लागतात.

म्हणून चारला उतरू नका. चारला सगळं जहाज दाराशी लोटलेलं असतं, हजारो माणसं, प्रत्येकाच्या हातात कार्ड, लहान मुलं रडतायत, कुणाचा तरी पासपोर्टचा कागद केबिनमध्ये राहिलाय. त्या वेळी जहाजाच्या गच्चीवरचा तलाव ओस पडलेला असतो. एरवी त्यात पाय बुडवायला जागा नसते. तुमच्या लेकाला तिथे सोडा, चार ते पावणेपाच, आख्खा तलाव त्याचा. सासूबाईंना तोवर एक झोप काढू द्या. पाचला रांग ओसरलेली असते, उन्हं कललेली असतात, पोरगा दमून शहाणा झालेला असतो. तेव्हा उतरा.

आणि उतरल्यावर वेगळे व्हा. हे लिहिताना मला तुमच्या घरातली भुवई उंचावलेली दिसतेय. पण सहा माणसं एकत्र फिरली की ती सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या गतीने चालतात, सगळ्यात जास्त वेळ बाथरूमला लागणाऱ्यासाठी थांबतात आणि कुठे जेवायचं यावर अर्धा तास रस्त्यात उभी राहतात. दिवसभराच्या मुक्कामात हे खपून जातं. साडेचार तासांत नाही. साडेसातला जेवायला भेटायचं ठरवा, तोवर तीन वाटा.

पहिली वाट सासू-सासऱ्यांची. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी किंवा धक्क्याच्या बाहेरच सायकलरिक्षा उभ्या असतात, तिथे त्यांना 'बेचा' म्हणतात. रंगीत छत्री, कागदी फुलं, अंधार पडला की लुकलुकते दिवे, आणि काहींवर कर्कश गाणी. आपल्याकडच्या सायकलरिक्षात चालकाची पाठ बघत बसावं लागतं. इथे चालक मागे असतो आणि दोन माणसं पुढे, समोर मोकळा रस्ता. गुडघेदुखीला याहून चांगलं वाहन नाही. भाडं आधी ठरवायचं, तासावर, आणि ते एका माणसाचं की दोघांचं हेही विचारून घ्यायचं. रिंगिटचे वीस-बावीस रुपये धरून हिशेब करा. पण फार घासाघीस करू नका, बहुतेक चालक तुमच्या सासऱ्यांच्याच वयाचे असतात.

मनोऱ्याची गोष्ट सासऱ्यांना सांगा. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली तेव्हा, १८९७ मध्ये, एका चिनी धनिकाने तो देऊ केला, आणि उंची ठेवली साठ फूट, वर्षाला एक फूट. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बने तो किंचित कललाय. नीट बघितलं तर दिसतं. त्याच्या पलीकडे फोर्ट कॉर्नवॉलिस. इंग्रजांचा फ्रान्सिस लाइट १७८६ मध्ये इथे उतरला आणि ताडाच्या खांबांचं कुंपण घालून बसला. जंगल लवकर तोडलं जावं म्हणून त्याने तोफेतून चांदीची नाणी रानात उडवली, अशी दंतकथा आहे. पुढे १८०४ नंतर विटांचा किल्ला झाला तो हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर आणलेल्या कैद्यांच्या हातून. त्यावर लढाई अशी कधी झालीच नाही. रायगड-प्रतापगड बघितलेल्या माणसाला हा किल्ला अंगणाएवढा वाटेल, ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर "हा किल्ला?" हे वाक्य फुकेटपर्यंत चालेल. पण नावापाशी त्यांना थांबवा. हा तोच कॉर्नवॉलिस, ज्याने १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूला कोंडलं, आणि त्या मोहिमेत त्याच्या बाजूने हरिपंत फडके होते, तुमच्या तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन होते. सांगलीच्या शिक्षकाला मलाक्काच्या सामुद्रधुनीत पटवर्धन भेटले की पुढचा तास तुम्हाला कुणी शोधणार नाही.

सासूबाईंनी किल्ल्यात शिरायचं काही कारण नाही. किल्ल्याला लागूनच समुद्राकाठी मोकळं मैदान आणि बसायला लांब कठडा आहे. पतंग, फुगे, नातवंडं घेऊन आलेल्या आज्या. एक सांगून ठेवते, इथे पाण्यात बुडणारा सूर्य शोधू नका. जॉर्ज टाउन बेटाच्या ईशान्येच्या टोकावर आहे, सूर्य गावाच्या मागे डोंगराआड जातो. पण समोरच्या पाण्यावर रंग उतरतो तो पुष्कळ होतो. तिथून सहा-साडेसहाला रिक्षा क्वीन स्ट्रीटवर, महामारिअम्मनच्या देवळात. १८३३ चं देऊळ, पेनांगमधलं सगळ्यात जुनं हिंदू मंदिर, दक्षिणी रिवाजाप्रमाणे दुपारी बंद आणि संध्याकाळी उघडं. नादस्वरम कानावर पडलं की सासूबाईंचे गुडघे निम्मे बरे होतील असं माझं भाकीत आहे.

दुसरी वाट मिस्टर आणि दोन्ही मुलांची. होय, मुलं त्यांच्याकडे. आर्मेनियन स्ट्रीटवर ते सायकलवरच्या दोन मुलांचं चित्र आहे, भिंतीवर मुलं रंगवलेली आणि सायकल खरी, पुढे बसवलेली. अर्नेस्ट झाकारेविच या लिथुआनियन चित्रकाराने ते २०१२ मध्ये काढलं आणि तेव्हापासून त्यापुढे फोटोची रांग लागते. दुपारी ती लांब असते, सहानंतर आटोपशीर. लेकीला तिथे वीस मिनिटं द्या, तक्रार न करता. मग तिथून उतरून च्यू जेटी. समुद्रात खांब रोवून त्यावर फळ्यांचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना घरं, आणि सगळी घरं च्यू आडनावाची. एका बाजूच्या जेटीवर लिम, दुसऱ्या बाजूच्या जेटीवर तान. आपल्या कोकणात एका आडनावाच्या वाड्या असतात ना, तशी ही पाण्यावरची भावकी. घरं जमिनीवर नाहीत म्हणून जमिनीचा कर नाही, असं तिथले लोक हसत सांगतात. पोराला फळ्यांच्या फटीतून खाली चमकणारं पाणी बघायला फार आवडेल, फक्त धावू देऊ नका. आणि ही माणसांची राहती घरं आहेत. उघड्या दारातून आजोबा टीव्ही बघताना दिसले म्हणून कॅमेरा आत घालायचा नाही. अंधार पडायला लागला की निघायचं, ती त्यांची जेवायची वेळ.

चालताना डोक्यावर छप्पर असलेली दुकानांपुढची पडवी दिसेल, रस्ताभर एकाला एक जोडलेली. तिला 'काकी लिमा' म्हणतात, अर्थ सरळ पाच फूट. इंग्रजांच्या काळात प्रत्येक दुकानदाराने तेवढी जागा वाटसरूंसाठी सोडायची असा नियम होता. मेमध्ये संध्याकाळी गडगडाट करून पाऊस येऊ शकतो, तेव्हा तीच तुमची छत्री. मात्र प्रत्येक दुकानाची पायरी वेगळ्या उंचीची असते आणि मध्येच कुणाची तरी मोटारसायकल उभी असते. सासूबाईंना त्या पडवीतून चालवू नका, त्या रिक्षातच बऱ्या.

साडेसातला सगळे लिटल इंडियात, लेबुह पासार आणि पेनांग स्ट्रीटच्या आसपास. 'लेबुह' म्हणजे रस्ता, पाट्या वाचायला तेवढं पुरे. ही जागा चुकणारच नाही, कारण तमिळ गाण्यांचे कर्णे दोन चौक आधीच ऐकू येतात, मग मोगऱ्याच्या गजऱ्यांचा वास, मग साड्यांची दुकानं. मिस्टरांचे रुपये इथे चालणार नाहीत, पण पैसे बदलून देणाऱ्यांच्या टपऱ्या याच गल्ल्यांत आहेत. केळीच्या पानावर भात, सांबार, दोन भाज्या, पापड वाढणारी शुद्ध शाकाहारी खानावळ इथे शोधावी लागत नाही. सासूबाईंचं जेवण इथेच, कुठलेही प्रयोग न करता.

प्रयोगांबद्दल सांगायलाच हवं, कारण पेनांग हे खाण्याचं गाव आहे आणि शाकाहारी माणूस तिथे भलत्याच ठिकाणी फसतो. 'मांस नको' म्हटलं की मांस येत नाही, पण 'बेलाचान' येतो. म्हणजे आंबवून वाळवलेल्या कोळंबीचा गोळा. तो साध्या पालेभाजीतही असतो, चटणीतही असतो, आणि वाढणाऱ्याच्या मते तो मांस नसतोच, मसाला असतो. आपल्याकडे मालवणात वांग्यात सुकट घालतात, तसंच. तेव्हा मासा म्हणजे 'इकान', कोळंबी म्हणजे 'उदांग', अंडं म्हणजे 'तेलुर', आणि नको म्हणजे 'ताक माउ', एवढे शब्द कागदावर लिहून सासऱ्यांच्या खिशात ठेवा. दुसरी पळवाट चिनी बौद्ध शाकाहारी दुकानांची. त्यांच्या सात्त्विक स्वयंपाकात कांदा-लसूणही नसतो, आपल्या चातुर्मासासारखं. फक्त त्यांना सोयाबीनचं हुबेहूब बदक करायची हौस आहे, तुकड्यावर कातडीच्या रेषांसकट. सासूबाईंच्या ताटात ते पडलं तर खुलासा करता करता जहाज सुटेल.

तुम्ही बाकीचे खाणारे असाल तर चुलिया स्ट्रीटवर संध्याकाळी गाड्या लागतात, तिथे मोठ्या आचेवर परतलेल्या तांदळाच्या पट्ट्या, कोळंबी-शिंपल्यांसकट. आणि नासी कांदार. नासी म्हणजे भात, कांदार म्हणजे खांद्यावरची कावड. तमिळ मुसलमान विक्रेते पूर्वी कावडीच्या एका टोकाला भाताचं भांडं आणि दुसऱ्याला रश्शाचं लावून धक्क्यावरच्या हमालांना विकत फिरायचे, त्यावरून नाव. कावड गेली, भातावर चार प्रकारचे रस्से एकात एक सांडायची पद्धत राहिली.

सगळ्यांनी मिळून खायचा एकच पदार्थ सांगते, तो शाकाहारीही आहे. चेंडोल. किसलेला बर्फ, नारळाचं दूध, माडाचा गूळ, उकडलेला राजमा आणि पांदान नावाच्या पानाच्या रसाने हिरव्या केलेल्या तांदळाच्या पिठाच्या जाड शेवया. तुमच्याकडे कुणी कोकणातलं असेल तर त्यांना पहिल्या घासाला कळेल की हे गार केलेले रस-शिरवाळे आहेत. सातासमुद्रापलीकडे कुणाला तरी तेच सुचलं, तांदूळ आणि नारळ असल्यावर दुसरं सुचणार तरी काय. पेनांग रोडच्या एका बोळात यासाठी गर्दी उसळते, पण तिकडे अंधारायच्या आतच जायला हवं. मिस्टर मुलांना घेऊन गेले तर जाऊ देत. तुम्हाला जेवणानंतर लिटल इंडियाच्या आसपासही मिळेल.

आणि जहाजावरचं जेवण? भरलेले पैसे वसूल करायला सात वाजता परत फिरणारी कुटुंबं मी बघितलीत, सगळी दिवे लागायच्या आधीच जहाजात शिरलेली. मिस्टरांना सांगा, जहाजावर रात्री उशिराही काहीतरी खायला असतंच, तेव्हा वसूल करा. फुकटची आइस्क्रीम अकरा वाजताही फुकटच असतात.

परतीचं तेवढं कडक पाळा. साडेदहा ही शेवटची वेळ आहे, तुम्ही पावणेदहाला धक्क्यावर हवं. आपापलं फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. मागे राहिलात तर पुढचं बंदर स्वखर्चाने गाठायचं. रोज संध्याकाळी केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं, त्यावर त्या बंदरातल्या एजंटाचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू दे. नकाशा जहाजावरच उतरवून घ्या. हरवलं कुणी तर भेटायची जागा एकच, तो घड्याळाचा मनोरा. पोरालाही बोटाने दाखवून ठेवा. पेनांगची आणि सिंगापूरची वेळ एकच आहे, तिथे घोळ नाही, पण फुकेटला थायलंडची वेळ एक तास मागे. मोबाइल आपोआप बदलतो आणि जहाजाचं घड्याळ बदलेलच असं नाही. खरी चुकामूक तिथे होते. एकाच्या मनगटावर साधं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा. सासऱ्यांकडे एचएमटी असेलच.

कागदांचं एजंटाकडून तोंडी नको, लेखी घ्या. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश ठेवलाय, पण तुमच्या तारखेला तो लागू आहे ना ते त्याने बघावं. आणि तुमचा सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा, कारण तुम्ही सिंगापूर सोडून परत सिंगापूरलाच येताय. हे निघताना कळून उपयोग नाही.

आता तिसरी वाट. साडेपाचला सासू-सासरे रिक्षात बसले, मिस्टर मुलांना घेऊन वळले, की साडेसातपर्यंत तुम्ही रिकाम्या आहात. दोन तास. कुणी विचारलं तर मी सांगितलंय म्हणून सांगा. या दोन तासांत काही 'बघायचं' नाही. मस्जिद कापितान केलिंगच्या रस्त्याने हळूहळू चालत जा. त्या एकाच रस्त्यावर इंग्रजांचं चर्च आहे, चिन्यांचं दयेच्या देवीचं देऊळ आहे, टोकाला १८०१ ची मशीद. वाटलं तर थांबा, नाही वाटलं तर नका थांबू. मग कुठल्याही तमिळ मुसलमानाच्या चहाच्या दुकानात फुटपाथवरचं टेबल धरा.

तिथे 'तेह तारिक' मागवा. तेह म्हणजे चहा, तारिक म्हणजे ओढलेला. माणूस एक भांडं डोक्यापर्यंत उचलतो, दुसरं कमरेशी धरतो, आणि तपकिरी चहाची दोरी मध्ये हवेत ताणतो, दोन-तीनदा, एक थेंब न सांडता. ग्लासात येतो तेव्हा वर दोन बोटं फेस असतो. कंडेन्स्ड मिल्कमुळे तो आपल्या लग्नाच्या पंगतीतल्या चहापेक्षाही गोड लागतो, म्हणून ऑर्डर देतानाच 'कुरांग मानिस' म्हणायचं, गोड कमी. सांगलीत तुम्ही रोज सहा जणांचा चहा सहा तऱ्हेने करत असाल: एकाला बिनसाखरेचा, एकाला आल्याचा, एकाला नुसतं दूध. इथे तुमचा चहा तुम्हाला कसा हवा ते कुणीतरी विचारणार आहे. उत्तर पाठ करून जा.